हात थरथरेपर्यंत

मंगळवार, ४ तारीख, सकाळ
हॉस्पिटल, दुसरा मजला, खिडकीजवळचा बाक

दादा,

तू माझा फोन उचलत नाहीस. मी तुझ्या जागी असते तर मीही उचलला नसता. पण हे पाकीट कोपऱ्यात भिरकावण्याआधी एवढं वाच: बाबा हॉस्पिटलात आहेत. काल दुपारपासून त्यांचा श्वास यंत्र घेतं आहे.

तुमच्या बोगद्याच्या कॅम्पला मी काल संध्याकाळी फोन केला होता. खालच्या ऑफिसातल्या कारकुनाने सांगितलं, की दरड पडून वरची वाट बंद आहे, सामानाची गाडी आता रविवारीच चढेल आणि टपालही तिच्यातूनच जाईल. वायरलेस आहे, पण तो फक्त अडीअडचणीला. "काही अडचण आहे का?" त्याने विचारलं. मी म्हणाले, "नाही, तसं काही विशेष नाही. घरी फोन करायला सांगा." का तसं म्हणाले, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

काय झालं ते सांगते. काल गॅरेजात बाबांची परीक्षा होती. तू गेल्यापासून स्प्रे गन त्यांच्या हातात नाही. रंग फवारायच्या बूथबाहेर बसून ते हाताने रेघ काढतात, दुचाकीच्या टाकीवर, बसच्या कुशीवर. लांब केसांचा ब्रश, करंगळी पत्र्याला टेकवलेली, आणि एकदा ब्रश टेकला की शेवटपर्यंत उचलायचा नाही. सगळे त्यांना 'फूटपट्टी' म्हणतात. त्यांना ते आवडतं, पण चिडल्याचं दाखवतात.

दोन महिन्यांपूर्वी नवे मॅनेजर आले. म्हणाले, "अहो, तयार चिकटपट्टी मिळते की. पाच मिनिटांत लागते. यांना दोन दिवस कशाला?" फोरमननी बाबांची बाजू घेतली. शेवटी असं ठरलं, की गॅरेजात एक जुना आगीचा बंब दुरुस्तीला आलाय, संग्रहालयात जाणार आहे, त्याच्या डाव्या अंगावर बाबांनी आठ मीटर सोनेरी रेघ काढायची. रेघ साधली तर बाबा राहतील. नाहीतर चिकटपट्टी.

आणि बाबांचे हात थरथरत होते, दादा. चार-पाच महिने झाले. बशीत कप ठेवताना वाजायचा. आई म्हणायची, "वय झालं." बाबा म्हणायचे, "कपच पातळ आहे."

काल साडेबाराला रेघ काढता काढता त्यांना धाप लागली आणि ते बंबाच्या पायरीवर बसले. फोरमननी रिक्षात घालून इथे आणलं. मी प्रयोगशाळेतून आले तेव्हा ते पलंगावर पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसले होते. छाती भात्यासारखी हलत होती आणि हवा मात्र आत जात नव्हती. ओठ शिशाच्या रंगाचे झाले होते. एवढं होऊन ते माझ्याकडे बघून हसले. ते हसू मला डोळ्यांसमोरून घालवता येत नाही.

डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मला जे माहीत होतं ते मी लगेच सांगितलं. आता ते झोपेच्या औषधाखाली आहेत. आई आत बसली आहे. एकेकालाच सोडतात.

आणखी एक गोष्ट आहे. ती उद्या लिहीन.

चिमी


बुधवार, ५ तारीख, सकाळ
तोच बाक

दादा,

काल जे लिहिलं नाही ते आज लिहायचं आहे. त्याआधी तुला माझं काम सांगावं लागेल, नाहीतर मी काय केलं ते तुला नीट कळणार नाही. आणि तुला ते नीट कळायला हवं.

माणूस घाबरला की रक्तात ॲड्रेनलिन सुटतं, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण नुसतं सुटून काय होणार? हाक मारली तर ती ऐकणारं कुणी लागतं. प्रत्येक पेशीला चरबीचं पातळ आवरण असतं. त्या आवरणात एक प्रथिन शिवल्यासारखं बसलेलं असतं. आई लाँड्रीत उसवलेल्या कपड्यांना टाके घालते ना, सुई आत, सुई बाहेर, तसं ते धाग्यासारखं प्रथिन त्या आवरणातून सात वेळा आरपार जातं. हे सात टाके उभ्या दांड्यांसारखे एकमेकांना टेकून घोळक्याने उभे असतात आणि त्यांच्यामध्ये, वरच्या बाजूला, एक खळगा असतो. हाच तो रिसेप्टर. मी त्याच्यावर काम करते. आम्ही तो किड्यांच्या पेशींमध्ये वाढवतो, साबणासारख्या द्रावणात सोडवून घेतो, एका क्षणात गोठवतो आणि त्याचे लाखो फोटो काढतो. त्याला जरा कुठे धक्का लागला की तो विस्कटतो. प्रयोगशाळेतल्या आमच्या बाई म्हणतात, "पाहुण्यांनी भरलेल्या घरातलं तान्हं बाळ समजा. झोपवायला दोन तास, उठायला एक शिंक."

ॲड्रेनलिन त्या खळग्यात येऊन बसलं, की खाली, पेशीच्या आतल्या बाजूला, सहावा दांडा बाहेर झुकतो. किती? केसाच्या जाडीचे पन्नास हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाइतका. बस. पण तेवढ्याने आत फट पडते, त्या फटीत दुसरं एक प्रथिन येऊन अडकतं आणि निरोप पुढे जातो. श्वासनळीच्या स्नायूला तो निरोप मिळाला की ती सैल होते. हातापायांच्या स्नायूंना मिळाला की ते थरथरतात. हृदयावर या रिसेप्टरचा सख्खा भाऊ असतो. त्याला निरोप मिळाला की हृदय धावत सुटतं. हाक एकच. ऐकणारा आपापल्या परीने कामाला लागतो.

हे मी बाबांना एकदा जेवताना सांगितलं होतं. ते म्हणाले, "म्हणजे तू दारावर काम करतेस." आणि शेजारच्या काकूंना तसंच सांगून आले. काकूंनी आईला विचारलं, "एवढं शिकून पोरीला वॉचमन केलंत?"

दम्याचा जो पंप असतो, त्यातलं औषध याच खळग्यात बसतं आणि ॲड्रेनलिनची नक्कल करतं. श्वास मोकळा होतो. पंप फार वेळा ओढला तर हात थरथरतात, कारण हातावरही तेच रिसेप्टर आहेत. आणि सारखाच ओढत राहिलं, तर पेशी वैतागून आपले रिसेप्टर आत ओढून घेते. सारखी कुणी कडी वाजवत असेल तर आपण कडीच काढून ठेवावी, तसं.

आता गोळी. गेल्या महिन्यात मला पहिल्यांदा बाहेरून आलेल्या शास्त्रज्ञांसमोर बोलायचं होतं. माझे हात इतके कापायचे, की पडद्यावरचा लाल ठिपका माशीसारखा फिरायचा. संस्थेच्या डॉक्टरांनी मला एक छोटी गुलाबी गोळी लिहून दिली. ती त्याच खळग्यात जाऊन बसते, पण सहावा दांडा झुकू देत नाही. शेजारच्या सीटवर पिशवी ठेवून जागा अडवणारा माणूस असतो ना, तशी नुसती बसून राहते. मग ॲड्रेनलिन येवो नाहीतर कुणी येवो, जागा भरलेली. हात स्थिर. डॉक्टरांनी मला एकच प्रश्न विचारला होता: "दमा आहे का?" मी हसून म्हणाले, "छे, आमच्या घरात कुणालाच नाही."

रविवारी दुपारी बाबा स्वयंपाकघरातल्या टेबलावर आरसा आडवा ठेवून त्यावर रेघेचा सराव करत होते. रेघ काढायची, चिंधीने पुसायची, परत काढायची. तिसऱ्या खेपेला ब्रश ठेवून म्हणाले, "मोडली गं फूटपट्टी."

मी माझ्या पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढून त्यांच्यासमोर ठेवली.

"खरंच चालेल?"

"बाबा, मी याच्यावरच तर काम करते."

"मग झालं."

दादा, मी त्यांना विचारलं होतं, दम लागतो का म्हणून. ते नाही म्हणाले.

सोमवारी सकाळी त्यांनी दोन घेतल्या. पट्टी त्यांच्याकडेच होती. फोरमन सांगतात, की अकराला चहा पितानाही दोन घेतल्या आणि म्हणाले, "काय गोळी आहे! हात म्हणजे दगड."

इथे आल्यावर काय झालं ते आता तुला कळेल. हिरव्या चपला घातलेली एक तरुण डॉक्टर होती. तिने मास्कमधून पंपाचंच औषध दिलं. काही फरक नाही. परत दिलं. इंजेक्शन दिलं, तेही ॲड्रेनलिनचं. ती आईला विचारत होती, "कुठली गोळी घेतलीये का यांनी? आठवून सांगा." आई म्हणाली, "नाही हो. डोकं दुखलं तरी घेत नाहीत ते." आणि पलंगाच्या डोक्याशी पडद्यावर बाबांची नाडी दिसत होती. बासष्ट. ज्या माणसाला श्वास मिळत नाही, मरणाची भीती डोळ्यांत आहे, ज्याला वरून ॲड्रेनलिन टोचलंय, त्याची नाडी एकशे तीसच्या वर हवी. बासष्ट! बागेत फिरणाऱ्या माणसाची नाडी. त्या खोलीत त्या आकड्याचा अर्थ फक्त मला कळत होता. सगळ्या जागा भरलेल्या होत्या आणि त्या मी भरल्या होत्या.

दहा एक मिनिटांत मी ते सांगितलं. मग त्यांनी वेगळ्या वाटेने श्वासनळी सैल करणारी औषधं सुरू केली. तरी यंत्र लावावं लागलं.

आज हिरव्या चपलांची डॉक्टर म्हणाली, "गोळी आता उतरायला हवी. पण छाती आतून सुजली आहे. पंपाचं औषध मी नळीतून देत राहीन. ते लागू पडायला लागलं की नाडी वाढेल, बोटं थरथरतील. त्यांचे हात बघत बसा."

म्हणून मी बसले आहे. आतून परवानगी मिळाली की त्यांच्या उजव्या हाताकडे बघते. पांढऱ्या चादरीवर तो हात दगडासारखा पडलेला असतो. नखांत अजून सोनेरी रंग आहे.

आईला गोळीचं माहीत नाही. डॉक्टरला मी बाजूला नेऊन सांगितलं होतं.

चिमी


गुरुवार, ६ तारीख, दुपार

दादा,

ही सगळी पत्रं एकाच पाकिटातून येतील. रविवारपर्यंत ती माझ्याजवळच आहेत, आणि आधीची दोन फाडून नीट नवं पत्र लिहावं असं सकाळपासून मनात येतं आहे. फाडणार नाही. मी कुठे कुठे खोटं लिहिलं, ते तुला दिसू दे.

सकाळी फोरमन आले. हातात रंगाचा एक रिकामा डबा होता. इतका मोठा माणूस, गॅरेजात त्याच्या आवाजाने पत्रा हादरतो, पण इथे वॉर्डाच्या दारात डबा छातीशी धरून चपला काढाव्या की नाही या विचारात उभा होता.

"वहिनी," ते आईला म्हणाले, "यांचा लॉकर साफ करायला काढला होता मॅनेजरनी. म्हटलं मी करतो. हे तुम्ही बघा."

डब्यात पंप होते. निळे, रिकामे. अकरा.

आईने एक उचलला, उलटसुलट करून पाहिला. "हे काय? अत्तर आहे?"

"दम्याचा पंप, वहिनी." फोरमन खाली बघत म्हणाले. "मी दोनदा ओढताना बघितलं त्यांना, संडासाच्या मागे. मला म्हणाले, 'फोरमनसाहेब, बोललात तर आपली दोस्ती संपली. माझा मुलगाही असाच बोलला होता तुमच्याजवळ. बूथ गेला, आता रेघही घालवू का?'" मग ते एकदम आईवरच ओरडले, "अहो, मी तरी काय करणार होतो? मैत्री आहे तीस वर्षांची!" नर्सने बाहेर येऊन त्यांना गप्प केलं.

जाताना ते मला म्हणाले, "साडेसात मीटर झाली आहे रेघ. मी जन्मात अशी रेघ बघितली नाही. अर्धा मीटर राहिली. मॅनेजर म्हणतो, पुढे पट्टी चिकटवा. मी म्हटलं, आधी मला चिकटवा त्या बंबाला."

ते गेले आणि आई डबा मांडीवर घेऊन बसली. एकेक पंप काढून बाकावर ओळीने मांडत होती, जणू मोजून काही निष्पन्न होणार होतं. मग म्हणाली, "त्याने सांगितलं होतं." ती तुझं नाव घेत नाही, 'तो' म्हणते. "त्याने घसा फोडून सांगितलं होतं, बाबांची छाती वाजते म्हणून. आणि मग तू कान लावलास. तू म्हणालीस, काही नाही."

हो दादा. हेच मी दोन पत्रांत लिहिलं नाही.

तू फोरमनला जाऊन सांगितलंस, की रंगाच्या फवाऱ्याने बाबांची छाती वाजते, त्यांनी बाबांना बूथमधून काढलं, आणि त्या संध्याकाळी बाबा तुला म्हणाले, "पोटचा पोर असून चुगली करतोस?" तू म्हणालास, "चुगली नाही, तुम्ही मराल." तेव्हा बाबांनी सदरा वर केला, माझ्याकडे पाठ केली आणि म्हणाले, "ही शिकलेली आहे. हिला सांगू दे." मी त्यांच्या पाठीला कान लावला. तू दारात उभा होतास. माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा चार दिवसांवर होती. घरात शांतता हवी होती. आणि दादा, आत शिट्टी वाजत होती. बारीक, लांबून कुणी बोलावतंय अशी. मी ती ऐकली. मी म्हणाले, "काही नाही."

"मग झालं," बाबा म्हणाले. त्यांनी तुला घराबाहेर काढलं ते माझ्या शब्दावर. आपल्या घरात माझा शब्द म्हणजे शिक्का. मीठ कमी करायचं का, आई मला विचारते. पत्र कुठून आलं, काय म्हणतंय, मला विचारतात. कुणी 'कशावरून?' असं मला आजवर विचारलेलं नाही. तू एकट्याने विचारलं होतंस, दारातून. मी उत्तर दिलं नाही.

आता बाकीचं. महिन्यापूर्वी बाबांच्या जाकिटाचं उसवलेलं अस्तर आईने शिवायला काढलं, तेव्हा खिसे मी रिकामे केले. त्यात एक निळा पंप होता. मी तो हातात घेऊन उभी राहिले. मला माहीत होतं तो काय आहे. त्यातला रेणू कसा दिसतो ते मी कागदावर काढून दाखवू शकते. मी मनाशी म्हणाले, गॅरेजातल्या कुणाचा तरी असेल. आणि परत खिशात ठेवला. कारण तो बाबांचा असता तर त्या दिवशी पाठीत शिट्टी होती हे कबूल करावं लागलं असतं, आणि मग तुला कुणी घालवलं तेही.

रविवारी मी त्यांना 'दम लागतो का' हे विचारलं नव्हतं. खोटं लिहिलं. प्रश्न ओठावर आला होता. ते हो म्हणतील या भीतीने विचारला नाही.

आणि इथे आल्यावर मी लगेच सांगितलं नाही, दहा मिनिटांतही नाही. भिंतीवर घड्याळ होतं. पंचवीस मिनिटं. पंचवीस मिनिटं मी भिंतीला टेकून उभी होते. माझ्या पिशवीत त्याच गोळ्यांची दुसरी पट्टी होती आणि मी पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली होती. माझं हृदय कानात वाजत होतं. माझ्या अंगातला एकूण एक रिसेप्टर उघडा होता, सगळे निरोप पोचत होते, आणि समोर बाबांचा एकही पोचत नव्हता. मी बोलले ते धैर्याने नाही. बाबांनी मान वळवून मला शोधलं आणि ओठांनी काहीतरी म्हटलं, आवाज नव्हता. मला वाटलं ते म्हणाले, "सांग." कदाचित "पाणी" म्हणाले असतील.

हे सगळं मी आज बाकावर आईला सांगितलं. अकरा पंपांसमोर. सांगताना मला वाटत होतं, ती मला मारेल, आणि मारावं असं वाटत होतं. तिने मारलं नाही. पंप एकेक करून डब्यात परत भरले, झाकण लावलं आणि म्हणाली, "सोळा वर्षं शाळेत घातलं तुला." मग डबा बाकाखाली सरकवून म्हणाली, "जा. हात बघ त्यांचे. तुझी पाळी आहे."

मी आत गेले. हिरव्या चपलांची डॉक्टर नळीला औषधाची कुपी जोडत होती. पांढरं धुकं नळीतून आत गेलं. मी खुर्ची पलंगाला लावली आणि हाताकडे बघत राहिले. पाच मिनिटं. दगड. सात मिनिटं. मला वाटलं, इतके महिने मी गोठवलेल्या दांड्यांचे फोटो बघते आहे, सहावा दांडा किती झुकला ते संगणकावर मोजते आहे, आणि आज तो झुकावा म्हणून माझ्या हातात करण्यासारखं काहीही नाही. वर पडद्यावर अठ्ठ्याहत्तर होते. त्र्याऐंशी झाले. मी आकड्यावर विश्वास ठेवला नाही. एक्क्याण्णव.

मग करंगळी हलली. जी पत्र्याला टेकवतात ती. आधी वाटलं माझेच डोळे. मी वाकून चादरीवर गाल टेकवला आणि आडवं बघितलं. करंगळी, मग तिच्या शेजारचं बोट, मग सगळा हात, चहाच्या कपाला थरथरायचा तसा, बारीक, एकसारखा. चादरीला सुरकुत्या पडत होत्या.

"एकशे चार," डॉक्टर म्हणाली. "चला. ऐकायला लागले."

मी बाहेर येऊन आईला सांगितलं, "आई, हात थरथरतोय." ती रडायला लागली. तिथे बसलेल्या दुसऱ्या एका बाईने सांत्वनासाठी तिच्या पाठीवर हात ठेवला. "देव करो आणि थांबो," ती म्हणाली. आई म्हणाली, "नको हो. थांबायला नको."

दुपारी मी कारकुनाला परत फोन केला. या वेळी खरं सांगितलं. "वडील यंत्रावर आहेत. वायरलेस करा." तो म्हणाला, "अहो, मग त्या दिवशी का नाही बोललात?"

चिमी


शनिवार, ८ तारीख, सकाळ

दादा,

काल नळी काढली. धोका टळला असं कुणी म्हणत नाही. रात्री परत छाती आवळली होती, पण औषधाने मोकळी झाली. मी अजून प्रत्येक वेळी त्यांचा श्वास मोजते, माझा घ्यायचा विसरते.

कारकून म्हणतो, तुला निरोप गुरुवारीच मिळाला आहे. उत्तर काही नाही, असंही म्हणतो. मी त्याला दिवसातून दोनदा विचारते. काल म्हणाला, "ताई, उत्तर आलं तर मी स्वतः पळत येईन." मला हे उत्तर न येण्याचं भय तर आहेच, आणि ते आलं तर त्यात काय असेल, त्याचंही आहे.

आज सकाळी बाबा पूर्ण जागे होते. घशाला नळीने जखम झाली आहे, आवाज पत्र्यावर पॉलिश पेपर घासल्यासारखा. पहिला शब्द, "रेघ?"

"साडेसात मीटर. फोरमन कुणाला हात लावू देत नाहीत."

ते हसले. मग म्हणाले, "गोळी भारी होती गं तुझी. अजून आहे का? अर्धा मीटर तर राहिलाय."

आज दोघींनाही आत सोडलं होतं, आई पायथ्याशी उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही, पण जागेवरून हललीही नाही. मी सांगितलं. त्यांना दांडे आणि खळगे सांगितले नाहीत. एवढंच म्हणाले, की तुमचा श्वास जिथून उघडतो, ते दार त्या गोळीने बंद केलं. गोळी मी दिली. तुमच्या खिशातला पंप मी आधी बघितला होता. आणि दोन वर्षांपूर्वी तुमच्या पाठीत शिट्टी वाजत होती, ती मी ऐकली होती.

बाबा छताकडे बघत राहिले. दादा, मी आयुष्यात एवढी कधी घाबरले नाही. त्या पंचवीस मिनिटांतही नाही.

"ऐकली होतीस," ते म्हणाले.

"हो."

"म्हणजे तो खरं बोलत होता."

"हो बाबा."

ते म्हणाले, "मलाही ऐकू यायची की. माझीच छाती ती." मग डोळे मिटले. मला वाटलं झोपले. पण डोळे न उघडता त्यांनी विचारलं, "पत्ता आहे का त्याचा?"

मी म्हटलं, तीन पत्रं लिहून ठेवली आहेत, उद्या गाडी जाते.

"मला काय लिहिता येतंय? दे कागद."

मी हा कागद वहीवर ठेवून त्यांच्या पोटावर धरला. पेन बोटांत दिलं. नुकतंच औषध दिलेलं होतं, हात असा थरथरत होता की पेन कागदावर टकटक वाजत होतं. आई म्हणाली, "राहू दे हो, उद्या काढा, हात स्थिर झाला की." बाबा म्हणाले, "त्याला हीच रेघ बघू दे." करंगळी कागदाला टेकवली आणि डावीकडून सुरुवात केली.

खाली दिसते आहे ती त्यांची आहे. पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकदाही न उचलता. सरळ नाही. प्रत्येक वळणावर एक श्वास आहे, मी मोजले आहेत. शेवटी ती थोडी पानाबाहेर गेली आहे, वहीवरही उमटली आहे. ती वही मी ठेवून घेतली आहे. तू आलास तर कागद तिच्याशेजारी ठेव. रेघ जुळेल.

चिमी